आईचे काम कोण करणार?

गावच्या उत्सवी नाटकाची जुळवाजुळव सुरू झाली की एक अडचण ठरलेली असते. आमच्या कोरगावातही ती सहसा चुकत नाही. वाचनाच्या पहिल्याच रात्री नायक मिळतो, खलनायकाच्या कामाला दोन दोन उमेदवार असतात आणि विनोदी पात्रावरून तर रुसवेफुगवे होतात. नायिकेचे कामही आता मुली हौसेने करतात. मग वही मिटता मिटता कोणीतरी विचारतो, "आणि आईचे काम कोण करणार?" त्यावर सारेच गप्प होतात. केस पांढरे करून, लुगडे नेसून तीन प्रवेशांपुरते यायचे हे काम कोणालाच नको असते. अखेर कोणीतरी भिडेखातर मान तुकवते. आणि गंमत अशी की, दुसऱ्या दिवशी विहिरीवर आणि दुकानाच्या पायरीवर लोक बोलतात ते त्या आईबद्दलच!

हा प्रश्न ऐकला की आम्हांस आशालता वाबगावकर यांची आठवण होते. ते नको असलेले काम ज्यांनी आयुष्यभर मनापासून केले आणि त्यालाच प्रतिष्ठा मिळवून दिली, अशा मोजक्या अभिनेत्रींत या गोमंतकीय बाईंची गणना करावी लागेल.

त्यांचे मोल कळण्यास थोडे मागे गेले पाहिजे. आमचा पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला. परंतु सावंतवाडीकडचा आमचा ओढा काही सुटला नाही. म्हणून जत्रेतला दशावतार आमच्या अंगी भिनलेला. त्यात राणी असो की राजमाता, स्त्रीभूमिका पुरुषच करीत. गोमंतकाने मराठी रंगभूमीला थोर गायिका-अभिनेत्री दिल्या, हे खरे. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांचे १९४२ सालच्या 'कुलवधू' नाटकातील काम कोण विसरेल? तरीही घरंदाज मुलीने तोंडाला रंग लावावा की न लावावा, हा वाद घराघरांतून पुष्कळ काळ चालतच राहिला.

१९४१ साली जन्मलेल्या आशालताबाई अशा काळात रंगभूमीवर आल्या. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या 'दि गोवा हिंदु असोसिएशन' या संस्थेच्या कला विभागाने त्यांना आपल्या संगीत नाटकांत घेतले. 'संशयकल्लोळ'मधील रेवती त्यांनी केली. परंतु त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९६४ सालच्या 'मत्स्यगंधा'मुळे. लेखन वसंत कानेटकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचे. रामदास कामतांचा पराशर आणि आशालताबाईंची सत्यवती! ती पदे पुढे आकाशवाणीवरून इतकी ऐकू आली की, ज्यांनी नाटक पाहिले नव्हते त्यांनाही ती तोंडपाठ झाली. त्यांतल्याच एका पदाचे शब्द घेऊन बाईंनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'गर्द सभोवती' हे नाव दिले.

त्या वेळी त्यांनी वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. गोड गळा आणि लोकांनी डोक्यावर घेतलेली भूमिका हाताशी असताना दुसरी एखादी नायिकापदालाच चिकटून राहिली असती. महाभारतातली सत्यवती मात्र नावेतली कोळीकन्या म्हणून सुरू होते आणि हस्तिनापूरची राजमाता होऊन संपते. बाईंनी आपल्या कलाजीवनाचा प्रवासही जणू तसाच पत्करला.

बासू चटर्जी यांनी १९८० साली शरच्चंद्रांच्या कथेवरून 'अपने पराये' हा हिंदी चित्रपट केला. अमोल पालेकर, शबाना आझमी, उत्पल दत्त अशी मातबर मंडळी त्यात होती. एकत्र कुटुंबातील भोळी, मायाळू, कोणाच्याही सांगण्याने फिरणारी थोरली जाऊ आशालताबाईंनी उभी केली. सहायक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पारितोषिकासाठी त्यांचे नाव पुढे आले; पारितोषिक 'इन्साफ का तराजू'मधील पद्मिनी कोल्हापुरे यांना मिळाले. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त (१९८२) त्या पुन्हा जाऊच होत्या. स्मिता पाटीलची सुलभा नोकरीसाठी घर सोडून जाते आणि तिच्या मुलीला ही निपुत्रिक जाऊ लळा लावते. हे पात्र सहज दुष्ट वाटू शकले असते. बाईंनी ते केवळ मायेने भरले, आणि म्हणूनच सुलभाचे दुःख अधिक बोचते. दुसऱ्याच्या भूमिकेला उठाव देण्यासाठी आपण किती दबून राहावे, हे त्यांना कळत होते. एन. चंद्रा यांच्या 'अंकुश'मध्ये (१९८६) तर त्या आजी झाल्या. वय होते अवघे पंचेचाळीस!

इंग्लंडमध्ये मार्गारेट रदरफर्ड या बाई होऊन गेल्या. व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. नायिकेचे रूप त्यांना लाभले नव्हते. विक्षिप्त मावश्या आणि म्हाताऱ्या यांवरच त्यांनी कीर्ती मिळविली, आणि 'द व्ही. आय. पी. ज' या १९६३ च्या चित्रपटातील सहायक भूमिकेसाठी ऑस्कर पटकावले. १९६७ साली त्यांना 'डेम' हा किताबही मिळाला. आपल्याकडे मात्र चरित्र अभिनेत्रीचा चेहरा घरोघर ओळखीचा असतो, नाव विचारले की लोक अडखळतात. 'अंकुश'मधल्या आजीला पाहून हळहळलेल्या किती जणांस ठाऊक होते की हीच 'मत्स्यगंधा'तली सत्यवती?

बाईंनी त्याबद्दल काम थांबविले नाही. १९८० नंतरची चार दशके नाटक, मराठी-हिंदी चित्रपट आणि दूरदर्शन मालिका यांत त्या वावरत राहिल्या. २०२० साली साताऱ्याकडे 'आई माझी काळूबाई' या मालिकेचे चित्रीकरण चालू असता त्यांना करोनाची बाधा झाली आणि २२ सप्टेंबर रोजी साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. वय एकोणऐंशी. म्हणजे अखेरचे दुखणे आले तेही काम करीत असतानाच.

यंदाच्या नाटकाचे वाचन लवकरच होईल. नायक-नायिका मिळतील, त्याची चिंता नाही. मात्र भूमिकांचे वाटप या वेळी आईपासून सुरू करावे, असे आम्ही मंडळींना सुचविले आहे.