अंतराळातले ‘उत्खनन’

उत्खनन म्हटले की माती, कुदळ आणि कुंचला डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील चॅपमन विद्यापीठाचे जस्टिन वॉल्श आणि ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या अ‍ॅलिस गोरमन या पुरातत्त्वज्ञांनी मात्र सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अभ्यासासाठी निवडले.

जानेवारी २०२२ मध्ये अंतराळवीरांनी स्थानकात सहा ठिकाणी चिकटपट्टीने साधारण एक मीटरचे चौकोन आखले आणि ६० दिवस त्यांची रोज छायाचित्रे काढली. त्यातील दोन चौकोनांचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत वस्तूंच्या ५,४३८ नोंदी होत्या.

उपकरणांच्या देखभालीसाठी राखलेल्या जागेत देखभाल क्वचितच झाली. तिथे सामान अडकवून ठेवले जात होते. शौचालय आणि व्यायामाच्या साधनांजवळची जागा कशासाठीच राखलेली नव्हती. तिथे अंतराळवीरांनी दात घासण्या-अंघोळीच्या सामानाच्या पिशव्या ठेवल्या. कारण स्वच्छतेच्या खासगी वस्तूंसाठी हक्काची जागाच आराखड्यात नव्हती.

नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसे सलग राहत आहेत. मात्र २०३० च्या सुमारास स्थानक निवृत्त करून नंतर ते पॅसिफिक महासागरात पाडण्याची योजना आहे. मग तिथे जाऊन काही पाहता येणार नाही. चंद्र-मंगळावरची घरे आखणाऱ्या अभियंत्यांना मात्र या नोंदी सांगतील, की माणूस कुठेही गेला तरी त्याला आधी टूथब्रश ठेवायला जागा लागते.