रातांब्याच्या भावकीतलं आम्ल

औषधाच्या दुकानात 'गार्सिनिया' लिहिलेली बाटली दिसली की कोकणातल्या माणसाला वाटतं, हे तर आपलं आमसूल! तो अगदीच चुकत नाही. आमसूल ज्याच्या सालीचं होतं, तो रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. बाटलीत असतो तो बहुधा त्याचा केरळातला भाऊबंद, गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे तिथल्या माशांच्या कालवणात पडणारी कुडंपुळी. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. चरबीवरचा उतारा म्हणून या आम्लाचं नाव कसं झालं आणि पुढे त्याचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे.

कुडंपुळीतलं मुख्य आम्ल हेच, हे 1965 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी दाखवलं. ते काय करतं, हे चारच वर्षांत अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांना कळलं. पिष्ट आणि साखर गरजेपेक्षा जास्त पोटात गेली की पेशी त्यातून सायट्रेट बनवते. एटीपी सायट्रेट लायेज नावाचं विकर ते फोडतं आणि त्या तुकड्यांपासून चरबी तयार होते. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल नेमकं या विकरालाच अडवतं. लोवेनस्टाइन यांनी 1971 मध्ये उंदरांच्या यकृतात चरबी बनण्याचा वेग घटल्याचं दाखवलं. पुढे हॉफमन-ला रोश कंपनीत ॲन सलिव्हन यांच्या गटाच्या प्रयोगांत उंदीर कमी खाऊही लागले.

पण या उंदरांचं खाणं कर्बोदकांनी भरलेलं होतं. साखरेची चरबी होण्याची वाट तिथे जोरात चालू होती, म्हणून ती अडवण्याला अर्थ होता. तेल, लोणी, चीज यांनी भरलेल्या ताटात चरबी तयारच येते. शरीराला ती नव्याने बनवायची गरज फारशी पडत नाही. ही अट शोधनिबंधांत होती. बाटलीवरच्या मजकुरात ती उरली नाही.

माणसांवरची मोठी चाचणी 1998 मध्ये 'जामा' या नियतकालिकात आली. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी 135 जाड माणसांना 12 आठवडे कमी उष्मांकाचा, तंतुमय आहार दिला. काहींना त्यासोबत रोज 1500 मिलिग्रॅम आम्ल, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. आम्लवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलोंनी उतरलं, दिखाऊ गोळीवाल्यांचं 4.1 किलोंनी. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक नगण्य, पण फायदा झाला असं म्हणायला जागाच नव्हती. धंदा मात्र थांबला नाही. 2012 मध्ये डॉ. ओझ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गार्सिनियाची भलामण झाली. दोन वर्षांनी असल्या दाव्यांबद्दल अमेरिकी सिनेटच्या समितीने त्यांना चांगलंच धारेवर धरलं.

स्निग्ध आहाराचा प्रश्न 2013 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी थेट विचारला. 45 टक्के उष्मांक स्निग्धांशातून येतील असं खाद्य त्यांनी उंदरांना 16 आठवडे दिलं आणि काहींच्या खाद्यात एक टक्का गार्सिनियाचा अर्क मिसळला. अर्क खाणाऱ्यांच्या पोटातली चरबी घटली, चरबीच्या पेशी आकसल्या, साखर पचवण्याची ताकदही सुधारली. एवढ्यावर थांबलं असतं तर जाहिरातीला आयताच मजकूर मिळाला असता. पण त्यांनी यकृतही तपासलं. तिथे कोलॅजन साचलं होतं, दाहाच्या खुणा वाढल्या होत्या आणि यकृताला इजा झाल्याचं सांगणारं एएलटी रक्तात चढलं होतं. उंदराला जे होतं ते माणसाला होईलच असं नाही. पण गार्सिनिया असलेली पूरकं घेतल्यावर यकृताला गंभीर इजा झालेले रुग्ण अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहेत.

यावरून आमसुलाला घाबरायचं कारण नाही. रातांब्याची साल त्याच्याच रसात मिठासह पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवायची, त्यातली चारपाच आमटीत टाकायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अर्क एकवटून रोज रिकाम्या पोटी गिळायची कॅप्सूल ही वेगळीच वस्तू. त्यामुळे आमसुलाची पुण्याई तिला लागू होत नाही, आणि तिचं पाप आमसुलाच्या माथी मारता येत नाही.

मजा अशी की ज्या विकरापासून ही गोष्ट सुरू झाली, ते औषधशास्त्राने सोडलं नाही. बेम्पेडोइक आम्ल हे प्रयोगशाळेत घडवलेलं औषध त्याच एटीपी सायट्रेट लायेजला यकृतात अडवतं. अमेरिकेत 2020 मध्ये त्याला परवानगी मिळाली. 2023 मध्ये, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधं न सोसणाऱ्या सुमारे 14,000 लोकांच्या चाचणीत, हृदयविकाराच्या झटक्यासारख्या मोठ्या घटना त्याने 13 टक्क्यांनी कमी केल्या. ते कोलेस्टेरॉलसाठी दिलं जातं, वजन उतरवण्यासाठी नाही. कोणी, किती आणि कशासाठी घ्यायचं हे ठरलेलं आहे. लोवेनस्टाइन यांनी हेरलेलं विकर अचूकच होतं. बाजाराला फक्त फळाचं नाव हवं होतं, त्यासोबत आलेल्या अटी नको होत्या.