धास्तीवरची डबी

मेडिकलच्या दुकानात च्यवनप्राश आणि प्रोटीन पावडर यांच्या मधोमध गेल्या काही वर्षांत एक नवी रांग लागली आहे. अश्वगंधा, मॅग्नेशियम, ओमेगा-3, एल-थिअनिन. डब्यांवर 'स्ट्रेस रिलीफ', 'मूड सपोर्ट', 'शांत झोप' अशी आश्वासनं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि कुणाला काही सांगावंही लागत नाही. छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग येते ती येतेच, ऑफिसातून फोन आला की पोटात गोळा येतो. पण एवढ्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे 'लोक काय म्हणतील', असं वाटणाऱ्याला ही रांग फार सोयीची. आणि असे लोक थोडे नाहीत. 'निम्हान्स' या मानसिक आरोग्यसंस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात उपचारांपासून दूर राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये 70 ते 92 टक्के आढळलं होतं.

तेव्हा 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. डबीत काय आहे, त्याचा उपयोग किती आणि धोका कुठे, हे पाहायला हवं.

सुरुवात अश्वगंधेपासून करू. हिलाच आपल्याकडे आस्कंद म्हणतात. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातलं हे झुडूप. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात त्याची मोठी शेती होते आणि नीमचच्या मंडीत मुळ्यांचा व्यापार चालतो. अशक्त माणसाला दुधातून आस्कंदाचं चूर्ण द्यायची रीत जुनी आहे. आयुर्वेदिक औषधकोशात त्याची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम सांगितली आहे. डबीतल्या कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा चूर्ण नसतं, मुळांचा अर्क असतो. त्यातलं विदॅनोलाइड या घटकांचं प्रमाण कारखान्यात वाढवून ठरावीक टक्क्यांवर आणलेलं असतं. म्हणून 'आमची आजीसुद्धा घ्यायची' हा दाखला इथे पुरेसा नाही. आजी घ्यायची ती वस्तू वेगळी होती.

या अर्कावर अभ्यास झाले आहेत. 2012 मध्ये भारतात झालेल्या एका चाचणीत ताणाची तक्रार असलेल्या 64 जणांचे दोन गट केले गेले. एकाला 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. 60 दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलेले दिसले. पुढे अशाच आणखी चाचण्या झाल्या. 2022 मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने चिंताविकारासाठी अश्वगंधेची तात्पुरती का होईना, शिफारसही केली.

तरी हात राखून बोलायला हवं. यातल्या बऱ्याच चाचण्या शे-सव्वाशे माणसांच्याही नाहीत आणि दोन-तीन महिन्यांच्या पुढे क्वचितच जातात. अर्क प्रत्येक ठिकाणी निराळा, आणि काही चाचण्यांचा खर्च अर्क बनवणाऱ्या कंपन्यांनीच उचललेला. त्यातून चिंतेचं एक वैशिष्ट्य असं की 'आपण काहीतरी उपाय करतोय' या भावनेनेही ती कमी होते. औषध नसलेल्या कॅप्सूलनेही अनेकांना खरोखर बरं वाटतं. त्यामुळे सौम्य ताणात थोडा उपयोग होत असावा, इथपर्यंतच आजचा पुरावा आपल्याला नेतो.

रांगेतल्या बाकीच्यांची गत याहून फार वेगळी नाही. माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 वरच्या 19 चाचण्यांचा आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चिंतेत माफक घट दिसली, पण ती मुख्यतः दिवसाला 2,000 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रेत. बाजारातल्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये तेल 1,000 मिलिग्रॅम आणि प्रत्यक्ष ओमेगा-3 त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच असतं. म्हणजे तेवढी मात्रा गाठायला दिवसाला सहा-सात कॅप्सूल लागतील. मॅग्नेशियम शरीरात कमी असेल तर ते भरून काढल्याने फरक पडू शकतो. कमी नसताना वरून घेतलं तर चिंता कमी होते, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. चहाच्या पानातलं थिअनिन थोडा वेळ निवांतपणा देतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. मात्र ते कॅप्सूलमधून घ्यायचं आणि दिवसभरात पाच कप कडक चहाही प्यायचा, याला अर्थ नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन धडधड वाढवतं.

आता धोक्याची बाजू. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलं आहे की कावीळ झालेला रुग्णही डॉक्टरांना या डबीबद्दल सांगत नाही. ती त्याच्या लेखी औषधच नसते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड आणि अमेरिकेतून आल्या आणि 2023 मध्ये भारतातल्या यकृततज्ज्ञांनीही असे रुग्ण नोंदवले. ज्यांचं यकृत आधीच दुखावलेलं होतं त्यांना हे फार महागात पडलं. असे प्रसंग विरळ आहेत, पण आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पानं न वापरता मुळंच वापरण्याची सूचना केली होती. गरोदरपणात अश्वगंधा टाळावी. झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

यातला थायरॉइडचा मुद्दा जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, जीव घाबरा होणं, ही लक्षणं चिंतेची म्हणून आपण ओळखतो. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी हीच लक्षणं दिसतात. आणि अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. म्हणजे मूळ दुखणं थायरॉइडचं असलेल्या माणसाने 'टेन्शन' समजून डबी आणली, तर उपायच आजाराला खतपाणी घालेल. धडधड वाढली की तो म्हणणार, 'टेन्शन वाढलंय', आणि मात्रा वाढवणार. रक्तक्षयातही धडधडतं. बी-12 कमी असेल तर चिडचिड, बेचैनी, हातापायांना मुंग्या येऊ शकतात, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास सापडते. उलट बी-6 जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेही नसा दुखावून मुंग्या येतात.

खरी अडचण इथे आहे. दुखणं, त्याची नक्कल करणारा दुसरा आजार आणि गोळीचा दुष्परिणाम ही तिन्ही एकाच लक्षणांनी बोलतात. त्यांतलं कोण बोलतंय हे घरबसल्या कळत नाही. तपासणी टाळणं ही या डब्यांची सर्वांत मोठी किंमत आहे, आणि ती डबीवर छापलेली नसते.

छापलेलं असतं ते निराळंच. एकच अश्वगंधा आपल्याकडे दोन दारांनी बाजारात येते. आयुर्वेदिक औषध म्हणून आली तर 1940 च्या औषध कायद्याखाली. पूरक आहार म्हणून आली तर 'एफएसएसएआय'च्या अन्नपदार्थांच्या नियमांखाली. या दुसऱ्या दाराने आलेल्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असावी लागते. पुढच्या बाजूला 'स्ट्रेस रिलीफ' ठळक, ही ओळ मागे बारीक अक्षरांत. खरेदी करताना डबी उलटी करून पाहावी: अर्क की चूर्ण, मूळ की पान, विदॅनोलाइड किती टक्के, परवाना कोणता. इतकंही लिहिलेलं नसेल तर ती परत फळीवर ठेवावी.

मग करायचं काय? धास्ती दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली, कामात किंवा झोपेत अडथळा आणू लागली, तर आधी फॅमिली डॉक्टर. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 या साध्या रक्ततपासण्या आहेत. त्या ठीक निघाल्या तर विचारांवर काम करणारे मानसोपचार आणि गरज पडल्यास गोळ्या, या दोन्हींमागचा पुरावा कुठल्याही डबीपेक्षा भक्कम आहे. अशा मानसोपचारांपैकीच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती तर कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत केव्हाच पोचवली आहे. प्रत्यक्ष जायला पाय उचलत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

एवढं झाल्यावरही कुणाला अश्वगंधा घ्यायची असेल, तर जरूर विचार करावा. पण डॉक्टरांना डबी दाखवून, एका वेळी एकच गोष्ट सुरू करून आणि किती दिवसांनी थांबायचं हे आधी ठरवून. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, खाज सुटली, धडधड वाढली, तर ती त्याच क्षणी बंद. आणि डॉक्टरांनी 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' असं विचारलं, की उत्तरात या डबीचंही नाव घ्यायचं.