टाकळा ओळखीचा, पण बांध कोणाचा?



पाऊस लागून पंधरवडा झाला. बांधावर टाकळा आणि कुर्डू वर आलाय, उताराला फोडशी (कोणी कुलू म्हणतं) आणि भारंगीचा कोवळा पाला मिळू लागलाय. केंद्रावर रोज फोन येतात, भाव बरा आहे, त्यामुळे खुडणारे हातही भराभर चालतात. म्हणून हा लांब मेसेज. निवांत वाचा, आणि घरातून जी खुडायला जाते तिला वाचून दाखवा.

आधी तणनाशकाचं, कारण हा धोका आजीच्या वेळी नव्हता. टाकळा, कुर्डू आपल्याला भाजी, पण शेजाऱ्याला ते तण. ग्लायफोसेट मारलेलं झाड त्याच दिवशी वाळत नाही. पिवळं पडायला आठवडा, कधी जास्तही लागतो. तोवर ते हिरवंगार, कोवळं दिसतं. औषध पानातून आत उतरलेलं असतं, त्यामुळे मिठाच्या पाण्यात चार वेळा धुतलं तरी निघत नाही. बहुतेक घरांत पंप मारतो एक आणि भाजी खुडतं दुसरंच, आणि दोघांचं त्यावर बोलणंच झालेलं नसतं. पंप पाठीला लावण्याआधी घरात सांगा, बांधाशेजारच्यालाही सांगा. मारलेल्या बांधावर काठीला जुनं फडकं बांधा आणि या हंगामात तिथली भाजी सोडून द्या. दुसऱ्याच्या बांधावर विचारल्याशिवाय खुडू नका. यात कमीपणा कसला?

दुसरं, टाकळ्याच्या शेजारी उगवणारा कासविंदा. टाकळ्याच्या एका देठाला पानांच्या बहुधा तीन जोड्या, आणि पान टोकाला गोल, रुंद. कासविंद्याच्या जोड्या जास्त, पान टोकाला निमुळतं, चुरगाळलं की उग्र वास. शेंगा धरल्यावर फरक आणखी कळतो. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, कडेला फिकट. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा खेळता खेळता खाल्लेलं कासविंद्याचं बी त्यामागे निघालं. अंगणाजवळ असेल तर शेंगा धरायच्या आत उपटून टाका.

कंद खणणाऱ्यांनी कळलावीपासून जपून. फूल असताना ती कोणीही ओळखेल, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं. पण वेल वाळल्यावर कंद रताळ्यासारखा वाटतो. तो बोटभर जाड, बहुधा नांगरासारखा दुवाकडा असतो, आणि अतिशय विषारी. वेल हिरवा असताना पानाचं टोक बघा, ते दोऱ्यासारखं वळलेलं असतं. वेल दिसत नसेल तर कंद खणूच नका. कडू करांदे चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, वाहत्या पाण्यात ठेवायची जुनी रीत आहे, ती एका उकळीवर भागवू नका. शेवळाला पिवळा भाग काढून काकडं किंवा चिंच घालतात, हे तुम्हाला सांगायला नको. शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र जुडी देताना सांगा, नाहीतर घसा खाजला की दोष आपल्याला.

आता अळंबी. इथे जरा कडक बोलतो. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, किड्याने खाल्लेली आहे, म्हणून ती चांगली, यातलं काहीही खरं नाही. शिजवल्यानेही जिवघेण्या जातींचं विष जात नाही. वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. तिचा दांडा मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. पण आपण वरून तोडतो आणि बूड मातीत राहतं, ओळख नेमकी तिथेच. बुडाशी वाटीसारखी पिशवी आणि दांड्याला बांगडी दिसली तर हात लावू नका. गवतात, शेणखताच्या जागी येणारी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री दिसायला झकास असते. जून झाली की तिच्या खालच्या चुण्या हिरवट होतात. कोवळेपणी तीही पांढरीच, म्हणून कळ्या तर कोणीच आणू नयेत.

हिरवट चुण्यांच्या अळंबीने तासा-तीन तासांत उलट्या-जुलाब होतात. जीव घेणाऱ्या जाती मात्र सहा ते चोवीस तास गप्प राहतात. मग उलट्या होतात, नंतर एखादा दिवस माणूस बरा वाटतो, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. त्या मधल्या दिवशी ‘उतरलं’ म्हणून पेशंटला घरी आणू नका. तूप, ताक, चिंचेच्या पाण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. उरलेली भाजी, न शिजवलेला तुकडा, नाहीतर निदान फोटो सोबत न्या, आणि किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी. लहान मुलांना आधी.

या हंगामात केंद्रावर रानातली अळंबी घेतली जाणार नाही, कितीही ओळखीच्या माणसाने आणली तरी. भाजीची जुडी एकाच जातीची बांधा, सोबत कोणत्या बांधावरची, कोणत्या उताराची हे सांगा. आम्ही वहीत लिहून घेऊ. ओळखीबद्दल शंका असेल तर मुळासकट एक झाड ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळी 8 ते 10 मध्ये घेऊन या.