हक्काची मुदत

नोकरीवरून दूर केलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो थांबण्याचा. संस्थाचालकांचा राग निवळेल, कोणी वजनदार गृहस्थ मध्यस्थी करील, प्रकरण चारचौघांत मिटेल, अशी आशा त्याला दाखविली जाते. सल्ला देणारे बहुधा हितचिंतकच असतात. परंतु थांबण्याची किंमत एकाच पक्षाला मोजावी लागते. संस्थेला वर्गावर दुसरा शिक्षक मिळतो. काढलेल्या शिक्षकाचा पगार थांबतो आणि कायद्याने दिलेली मुदतही सरत जाते.

शिक्षक आणि कारकून एकाच हजेरीपटावर सही करीत असले, तरी औद्योगिक कायद्याच्या दृष्टीने ते एक नव्हते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या संज्ञेत कारकुनी काम येत असे. शिक्षक तीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली ठरविले. महाराष्ट्राने ही उणीव आधीच, खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या १९७७ च्या कायद्याने, भरून काढली होती. मान्यताप्राप्त खाजगी शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर, दोघांनाही त्याचे छत्र आहे.

बडतर्फीचा अथवा पदावनतीचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. असे न्यायाधिकरण कोल्हापुरातही आहे. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास मुदतीनंतरचे अपीलही दाखल होऊ शकते. पण ‘साहेब परत घेतील असे वाटले’, हे कारण सबळ ठरेलच असे नाही. अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करून, दोहोंवर सही व तारीख घालून, एक रजिस्टर टपालाने पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असेही हा कायदा सांगतो. कोऱ्या कागदावर सह्या घेण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तरतुदीचे मर्म सांगावयास नको.

अशा कायद्यांमुळे शिस्त ढासळते, असा संस्थाचालकांचा आक्षेप असतो. वस्तुतः शिक्षा करण्याचा अधिकार कायद्याने काढून घेतलेला नाही. आधी रीतसर चौकशी करा, एवढेच तो म्हणतो. चौकशी समितीच्या तीन सदस्यांपैकी एक स्वतः कर्मचाऱ्याने सुचविलेला असतो. दोष खरा असेल, तर चौकशीला भिण्याचे कारण काय?

न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जावयाचे, तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. सहा जिल्ह्यांतील वकिलांच्या दीर्घ लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च हीच ज्यांच्या न्यायापुढील भिंत होती, त्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

आता करावयाचे ते थोडे आहे. प्रत्येक नेमणूकपत्रावर न्यायाधिकरणाचा पत्ता आणि ३० दिवसांची मुदत छापणे शासनाने सक्तीचे करावे. शिक्षक संघटनांनी अधिवेशनांतील ठरावांबरोबर आपल्या सभासदांना हा कायदाही समजावून द्यावा. तडजोडीची बोलणी खुशाल करावीत. पण अपील दाखल करून मगच. हाती मुदतीतले अपील असलेल्या माणसाशी समोरचा पक्षही अधिक विचाराने बोलतो.