सूडाची कारवाई आणि गुन्ह्याची शहानिशा

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर, भातगिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि मालमोटारींचे तळ यांनी गजबजलेली भनपुरी ही वस्ती राजकारणाविषयी मौन पाळणारी नव्हे. आणि येथे स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीतही, एखाद्या पुढाऱ्याच्या घरी छापा पडल्याची वार्ता आली की जे एक वाक्य हटकून कानी पडते, ते ऐकून ऐकून माझी सहनशीलता आता संपत आली आहे. ते वाक्य असे : 'ही तर सूडाची कारवाई, प्रकरणात तथ्य काहीच नाही.' या वाक्याचा पूर्वार्ध पुष्कळदा खरा असतो, हे मी आरंभीच मान्य करतो. माझी तक्रार आहे ती उत्तरार्धाविषयी, कारण पूर्वार्धातून तो कोणत्याही तर्काने निघत नाही, आणि तरीही शहाणीसुरती माणसे तो सिद्धान्त म्हणून सांगत असतात.

फिर्याद करणाऱ्याचा हेतू काय होता आणि गुन्हा घडला की नाही, हे दोन प्रश्न आपल्या कायद्याने परस्परांपासून अलग ठेवलेले आहेत. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 21 नोव्हेंबर 1990 चा निकाल पाहावा. देवीलाल सत्तेवर आल्यानंतर माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्या मालमत्तेविषयी फिर्याद गुदरली गेली आणि फिर्यादी हा त्यांचा राजकीय प्रतिस्पर्धी होता. उच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने, केवळ वैरापोटी आरोप केले एवढ्यावरून ते फेटाळता येत नाहीत असे सांगून, फिर्याद पुन्हा उभी केली. त्याच निकालात, निव्वळ सूड उगवण्यासाठी दुष्ट हेतूने चालविलेला खटला उच्च न्यायालय रद्द करू शकते, हेही नमूद आहे; आणि तपास करणाऱ्या अंमलदाराला योग्य अधिकारपत्र नव्हते म्हणून त्याने केलेला तपास न्यायालयाने बाजूला सारला, हेही. याचा अर्थ, सूडाची तक्रार ऐकून घेण्यास जागा आहे आणि त्यावर इलाजही आहे. पण ती जागा न्यायालय होय, सभेचे व्यासपीठ नव्हे.

आमच्या मालमोटारवाल्यांना जवळून ठाऊक असलेले एक उदाहरण घ्या. कोळशाच्या वाहतुकीची परवानगी पूर्वी ऑनलाइन मिळत असे. 15 जुलै 2020 रोजी राज्याच्या खनिज विभागाने काढलेल्या हुकुमाने ती पद्धत बदलली आणि ना हरकत दाखला कचेरीत प्रत्यक्ष जाऊन मिळविणे भाग पडले. त्या दाखल्याच्या आडून दर टनामागे 25 रुपये बेकायदा वसूल केले गेले आणि ही रक्कम सुमारे 540 कोटींवर गेली, असा सक्तवसुली संचालनालयाचा, म्हणजे ईडीचा, आरोप आहे. वीस टनांच्या एका खेपेमागे 500 रुपये, असा हा हिशेब. या प्रकरणात सनदी अधिकारी समीर विश्नोई यांना ऑक्टोबर 2022 मध्ये आणि तत्कालीन काँग्रेसी मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या सचिवालयातील सौम्या चौरसिया यांना डिसेंबर 2022 मध्ये अटक झाली. आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचे आहेत, आणि ते खोटेही ठरू शकतील. परंतु हुकूम कोणी व कशासाठी काढला, पैसे घेतले गेले काय, घेतले असल्यास कोणी आणि ते कोठे गेले, या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'दिल्लीश्वरांना आमचे सरकार खुपत होते' या विधानात सापडत नाही. दिल्लीला ते सरकार खुपत असेलही. तरी 25 रुपयांचा प्रश्न जागच्या जागी उभा राहतो.

संशयाला कारणे आहेत, आणि ती लपविणारा लेखक वाचकाशी प्रतारणा करील. फेब्रुवारी 2023 मध्ये नवा रायपूर येथे काँग्रेसचे महाअधिवेशन भरण्याच्या चारच दिवस आधी, 20 तारखेस, त्या पक्षाच्या नेत्यांवर छापे पडले. महादेव या सट्टेबाजीच्या ॲपच्या प्रकरणी बघेल यांच्याकडे 508 कोटी रुपये पोहोचल्याच्या आरोपाचे ईडीचे निवेदन 3 नोव्हेंबर 2023 रोजी प्रसिद्ध झाले, आणि मतदानाचा पहिला टप्पा 7 नोव्हेंबरला होता. इंडियन एक्सप्रेसने एप्रिल 2024 मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, 2014 नंतर चौकशीच्या फेऱ्यात असताना विरोधी पक्षांतून भाजपमध्ये किंवा त्याच्या आघाडीत गेलेल्या 25 नेत्यांपैकी 23 जणांना दिलासा मिळाला. काहींची प्रकरणे बंद झाली, बहुतेकांची थंडावली. मार्च 2025 मध्ये खुद्द केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की, गेल्या दहा वर्षांत राजकीय व्यक्तींविरुद्ध ईडीने नोंदविलेल्या 193 प्रकरणांपैकी शिक्षा झाली ती दोनांत. हे आकडे तपासयंत्रणांना भूषणावह नाहीत. पण त्यांवरून निष्कर्ष निघतो तो एवढाच की, पक्ष बदलणाऱ्यांचीही चौकशी पुरी झाली पाहिजे आणि खटले वेळेत निकाली निघाले पाहिजेत. उरलेल्यांनाही मोकळे सोडावे, असा निष्कर्ष त्यांतून काढणे हे मला तरी अनाकलनीय वाटते.

आता या वाक्याचे मालक कसे बदलत गेले ते पाहू. फेब्रुवारी 2015 मध्ये, रमणसिंह मुख्यमंत्री असताना, नागरी पुरवठा महामंडळावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने छापे घातले, तेव्हा काँग्रेसने रान उठविले. सप्टेंबर 2018 मध्ये एका मंत्र्याच्या कथित चित्रफितीच्या प्रकरणात सीबीआय न्यायालयाने बघेल यांची कोठडीत रवानगी केली, तेव्हा तोच पक्ष सूडाची भाषा बोलू लागला. डिसेंबरात बघेल मुख्यमंत्री झाले, जानेवारी 2019 मध्ये त्यांच्या सरकारने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली, आणि नागरी पुरवठा प्रकरणासाठी विशेष तपास पथक नेमले. आता त्या पथकाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची पाळी भाजपचे विरोधी पक्षनेते धरमलाल कौशिक यांच्यावर आली. कथित मद्यघोटाळ्याच्या प्रकरणातही ईडी राज्यात वावरत असताना राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेचा गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे राज्यात भाजपचे सरकार आल्यानंतर. पुढे एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनुसूचित मूळ गुन्ह्याचा आधार नाही म्हणून, ईडीची आधीची तक्रार रद्द केली, तेव्हा नव्या प्रकरणाला पाया मिळाला तो याच गुन्ह्याचा. 18 जुलै 2025 रोजी बघेल यांचे पुत्र चैतन्य यांना याच प्रकरणात भिलाईत अटक झाली आणि 22 तारखेस काँग्रेसने राज्यभर आर्थिक नाकेबंदी पुकारली. जामिनाचा अर्ज न्यायालयापुढे चालतो. ट्रक अडवून तो मंजूर होत नाही, आणि अडलेल्या ट्रकच्या चालकाचा त्या मद्याशी काडीचाही संबंध नसतो. कायदा आणि सुव्यवस्थेवर विधानसभेत तासन् तास बोलणाऱ्यांनी रस्ता रोखावा, याचा मला मनापासून संताप येतो. आणि असे करणाऱ्यात कोणताही पक्ष अपवाद नाही.

महाराष्ट्रातील आप्तांनी या वाचनाने समाधान मानू नये. सिंचन प्रकरणात अजित पवार यांच्यावर जबाबदारी येते, असे प्रतिज्ञापत्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोव्हेंबर 2018 मध्ये नागपूर खंडपीठापुढे दिले, आणि जेमतेम वर्षभराने त्याच विभागाने ती येत नाही असे लिहून दिले. ज्या भाजपने या प्रकरणावर अनेक निवडणुकांत सभा गाजविल्या, तो सहभागी असलेल्याच मंत्रिमंडळात पवार जुलै 2023 मध्ये उपमुख्यमंत्री झाले. छगन भुजबळ गृहखाते सांभाळत असताना, जुलै 2000 मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांना जुन्या अग्रलेखांबद्दल अटक झाली आणि मुदत टळल्यामुळे दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण त्याच दिवशी निकाली काढले. मार्च 2016 मध्ये भुजबळ स्वतः ईडीच्या कोठडीत गेले, तेव्हा सूडाचा आक्रोश करण्याची पाळी त्यांच्या पक्षावर आली होती.

आणखी काही समजुती आहेत, त्या दोन-दोन ओळींत आटोपतो. समन्स आले म्हणजे माणूस आरोपी झाला, असे नव्हे. साक्षीदारालाही ते येते. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, आणि अटक म्हणजे शिक्षा नव्हे. संमती काढून घेतली की सीबीआयला राज्याचे दार बंद, हेही अर्धसत्य : उच्च वा सर्वोच्च न्यायालय तपास सोपवू शकते, हे घटनापीठाने 17 फेब्रुवारी 2010 रोजी स्पष्ट केले आहे, आणि ईडीला तर अशी संमती लागतच नाही. आरोपपत्र दाखल झाल्याने उमेदवारी बाद होत नाही. ती बाद होते दोषसिद्धीने, बहुतेक गुन्ह्यांत किमान दोन वर्षांची शिक्षा झाल्यास. अटकेने मंत्रिपद आपोआप जात नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये अटक झालेले नवाब मलिक तुरुंगातूनही मंत्री राहिले. तीस दिवसांच्या कोठडीनंतर पद जावे, असे घटनादुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु विधेयक म्हणजे कायदा नव्हे.

वाचकांस माझी विनंती एवढीच आहे. आपला आवडता नेता यापुढे सूडाचा उच्चार करील, तेव्हा त्याला सभेतच विचारावे की, फिर्याद रद्द करण्यासाठी आपण उच्च न्यायालयात अर्ज केला आहे काय, आणि केला असल्यास त्यावर काय हुकूम झाला. आमदार-खासदारांवरील खटल्यांच्या प्रगतीवर देखरेख ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 9 नोव्हेंबर 2023 रोजी सर्व उच्च न्यायालयांना दिलेले आहेत. आपल्या जिल्ह्यातील अशा खटल्याची पुढची तारीख कोणती, हे दर महिन्याला विचारण्याचा हक्क आपला आहे, तो बजावावा.