दूरच्या ओळखींचे मोल
समाजमाध्यमे, व्यावसायिक संबंध आणि कामाच्या संधी

मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी नोकरीची बातमी वर्तमानपत्रातून येत नसे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण प्रथम गावकीच्या खोलीवर उतरे. तिथला एखादा गाववाला त्याला गिरणीतील जॉबरपुढे उभा करी आणि मग बदली कामगार म्हणून त्याचा श्रीगणेशा होई. ओळख हीच त्या काळची रोजगार कचेरी होती.

ही व्यवस्था जशी दार उघडून देई, तशी ती दार बंदही ठेवी. आपल्या गावाची, आपल्या जातीची माणसे ज्या खात्यात, त्याच खात्याची वाट मोकळी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांना तर अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेशच नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. ज्याची ओळख तोकडी, त्याची संधीही तोकडी, असा हा हिशेब होता. आज समाजमाध्यमांमुळे ओळखीची कक्षा गाव, जात आणि नातेवाईक यांच्या पलीकडे नेणे शक्य झाले आहे. मात्र हे साधन कसे चालते आणि त्यात धोके कोणते आहेत, हे समजून घेतल्यावाचून त्याचा लाभ होत नाही.

विरळ ओळखींचे सामर्थ्य

ओळख आणि नोकरी यांच्या संबंधाचा अभ्यास मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने केला. त्याचा गाजलेला निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळील न्यूटन या उपनगरात ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या व्यक्तींना त्याने विचारले, ‘ज्याच्याकडून ही माहिती मिळाली, त्याची आपली भेट त्या काळात किती वेळा होत असे?’ आठवड्यातून किमान दोनदा भेट होत असे, असे सांगणारे केवळ १६.७ टक्के होते. ५५.६ टक्के लोकांची भेट अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची भेट वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी होत असे.

याचे कारण साधे आहे. आपले जिवलग मित्र आणि आपण एकाच वर्तुळात वावरतो. जे त्यांना ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. उलट जुन्या कचेरीतील सहकारी, महाविद्यालयातील वर्गमित्र किंवा एखाद्या प्रशिक्षणवर्गात भेटलेली व्यक्ती वेगळ्या वर्तुळात वावरत असते. तिच्याकडून येणारी बातमी आपल्यासाठी नवी असते.

हा विचार मोठ्या प्रमाणावर तपासून पाहणारे संशोधन २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लिंक्डइन या व्यावसायिक समाजमाध्यमावरील सुमारे दोन कोटी सदस्यांच्या पाच वर्षांतील नोंदींवर ते आधारलेले होते. फार घट्टही नाहीत आणि अगदीच नाममात्रही नाहीत, अशा मध्यम विरळ ओळखी नोकरी मिळण्यास सर्वाधिक उपयुक्त ठरतात, असे त्यातून दिसून आले. ज्या उद्योगांत संगणकीय तंत्रज्ञानाचा वापर कमी आहे, तेथे मात्र घट्ट संबंधांचेच वजन अधिक आढळले. म्हणजे संगणक प्रणाली क्षेत्रातील तरुणीने परिचयाचे जाळे रुंद करावे, हे योग्यच. पण पारंपरिक कारखानदारीत असणाऱ्याने प्रत्यक्ष भेटीगाठींना सोडचिठ्ठी देऊ नये.

जाळे कसे विणले जाते?

लिंक्डइन हे संकेतस्थळ मे २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. २०२३ मध्ये त्याच्या भारतीय सदस्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. त्याची रचना ओळखीच्या पायऱ्यांवर उभी आहे. ज्यांच्याशी थेट जोडणी झाली, ती पहिली पायरी. त्यांच्या परिचयातील माणसे ही दुसरी पायरी. नवी संधी पुष्कळदा या दुसऱ्या पायरीवर असते आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी पहिल्या पायरीवरील कोणीतरी ‘ही व्यक्ती माझ्या माहितीतील आहे’ एवढे सांगावे लागते.

वशिला आणि परिचय यांतील फरक येथेच आहे. वशिल्यात पात्रता पाहिली जात नाही. परिचयामुळे पात्रता पाहिली जाण्याची संधी मिळते, निवड मात्र गुणांवरच व्हावी लागते.

त्यामुळे या माध्यमावरील स्वतःची माहिती विचारपूर्वक लिहिणे अगत्याचे ठरते. ‘लेखापाल, दहा वर्षांचा अनुभव’ एवढ्याने वाचणाऱ्याला फारसा बोध होत नाही. ‘लघुउद्योगांचे वस्तू व सेवा कराचे विवरण, साठ्याचे लेखे आणि बँक कर्जाचे प्रस्ताव तयार करण्याचा दहा वर्षांचा अनुभव’ असे लिहिल्यास काम नेमके कळते. शोधणारा मनुष्य नेमके शब्दच शोधत असतो. पदवी, कालावधी आणि पदनाम यांत लवमात्र अतिशयोक्ती नसावी, कारण पडताळणी कधी ना कधी होतेच.

मागण्यापूर्वी देणे

बँकेत ठेव ठेवल्यावाचून व्याज मिळत नाही. ओळखीचेही तसेच आहे. नोकरी गेल्यावर घाईघाईने शंभर जणांना निरोप धाडणाऱ्यापेक्षा वर्षभर अधूनमधून उपयुक्त माहिती देणाऱ्याचा शब्द अधिक ऐकला जातो. कायद्यातील एखादा बदल सोप्या भाषेत सांगणे, कोणाच्या प्रश्नाला नेमके उत्तर देणे, सहकाऱ्याच्या कामाची मोकळेपणाने वाखाणणी करणे या लहान गोष्टींतूनच विश्वास साचत जातो.

अपरिचित व्यक्तीला लिहिताना तर विशेष विवेक हवा. ‘सर, काही नोकरी असेल तर सांगा’ या निरोपाला सहसा उत्तर येत नाही, कारण उत्तर काय द्यावे हेच वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी पुढील मजकूर पाहावा:

‘महोदय, इंदूर येथे सहा वर्षे मी औषधांच्या शीतगृह साठवणुकीचे काम पाहत आहे. खंडित वीजपुरवठ्यात लसींची काळजी कशी घ्यावी, यावरील आपला लेख वाचला. त्यातील जनित्राबाबतचा मुद्दा आमच्या अनुभवाशी जुळतो. पुण्यात या क्षेत्रात कोणत्या पात्रतेस मागणी आहे, याविषयी आपल्या सोयीने दहा मिनिटे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.’

यात लिहिणारा कोण, त्याने याच व्यक्तीला का लिहिले आणि त्याला काय हवे, या तिन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. मागणी लहान असल्याने होकार देणेही सोपे जाते. उत्तर मिळाल्यावर आभार मानणे आणि पुढे काय झाले ते कळवणे, ही त्यातील शेवटची पण बहुधा विसरली जाणारी पायरी होय.

लहान उद्योजकांसाठी

वडोदरा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे छोटा उद्योग चालवणाऱ्या ग्राहकांनाही हे साधन उपयोगी आहे. आपल्या मालाचे स्वच्छ छायाचित्र, वजन, किंमत, टिकण्याचा काळ आणि पुरवठ्याची क्षमता ही माहिती समाजमाध्यमावर नियमित दिल्यास दूरच्या शहरातील घाऊक व्यापारी चौकशी करू शकतो. भारतात जानेवारी २०१८ मध्ये उपलब्ध झालेल्या व्हॉट्सअॅप बिझनेस या सुविधेत वस्तूंची सूचीही ठेवता येते.

तथापि, समाजमाध्यमावरील ओळख म्हणजे पत नव्हे. उधारीवर माल पाठवण्यापूर्वी समोरच्या व्यापाऱ्याचा पंधरा अंकी व अक्षरी जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर पडताळून पाहावा, लेखी मागणीपत्र घ्यावे आणि पहिला व्यवहार लहान ठेवावा.

गोड बोलण्यामागील सापळा

जेथे गरजू माणसे एकत्र येतात, तेथे भामटेही येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला होता. थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील आकर्षक नोकरी, अशा समाजमाध्यमांवरील जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना बेकायदेशीरपणे म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवण्यात आले होते. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे पाहिल्याशिवाय पारपत्र कोणाच्याही हाती देऊ नये.

देशातही फसवणुकीचे अनेक प्रकार चालतात. त्यांपैकी तीन खुणा प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. पहिली खूण, नोकरी देण्यासाठी नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत म्हणून पैसे मागणे. दुसरी, चित्रफिती पसंत करण्यासारख्या किरकोळ कामाचे प्रारंभी थोडे पैसे देऊन पुढे मोठी रक्कम गुंतवण्यास सांगणे. तिसरी आणि सर्वांत घातक खूण म्हणजे ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, त्यावर दलाली घ्या’ असा प्रस्ताव. असे खाते गुन्ह्याचा पैसा फिरवण्यासाठी वापरले जाते. ते गोठवले जाऊ शकते आणि खातेदाराला पोलीस चौकशीला सामोरे जावे लागते. ‘मला काही कल्पना नव्हती’ एवढे सांगून सुटका होत नाही. घरातील महाविद्यालयीन मुलामुलींना ही गोष्ट आवर्जून सांगावी. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

बँक कर्मचाऱ्यांची मर्यादा

बँकेतील सेवकांनी या माध्यमांवर वावरताना एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम १३ नुसार ग्राहकांच्या व्यवहारांबाबत गुप्तता राखणे बंधनकारक आहे. मोठे कर्ज मंजूर झाल्याचा आनंद स्वाभाविक आहे. पण ग्राहकाचे नाव, रक्कम किंवा कागद दिसणारे टेबलावरील छायाचित्र समाजमाध्यमावर जाता कामा नये. ग्राहकानेही खाते क्रमांकासह आपली तक्रार तेथे मांडू नये. अशा तक्रारीखाली ‘बँक अधिकारी’ म्हणवून पहिला प्रतिसाद देणारा भामटा असू शकतो.

संचय हळूहळू होतो

आठवड्यातून एक तास या कामी पुरेसा आहे. एका जुन्या सहकाऱ्याची विचारपूस करावी, आपल्या कामातील शिकण्यासारखी एक गोष्ट लिहावी, कोणा नवागताच्या शंकेचे निरसन करावे. गिरणगावातील त्या खोलीवर आधी आलेला गाववाला नंतर आलेल्याला हात देई. तोच हात आता गावाबाहेरच्या, जातीबाहेरच्या आणि नात्याबाहेरच्या माणसालाही देता येतो. ज्याच्या घरात आजवर कोणी कचेरीची पायरी चढले नाही, अशा तरुणाला कोणाचा तरी एक शब्द पुरेसा असतो. तो शब्द देण्याइतपत पुढे आलेल्या प्रत्येकाने तो द्यावा, यातच या नव्या साधनाचे सार्थक आहे.